वुजूचं पिवळं पाणी

शनिवारी दुपारी हिवरदरीच्या फाट्यावर एसटी थांबली आणि निम्मी रिकामी झाली. उतरणाऱ्यांत बहुतेकांचे डोळे पिवळे होते. ज्यांचे नव्हते त्यांनी पिवळ्या डोळ्यांच्या कुणाचा तरी दंड धरलेला होता. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरातून सगळे एकाच दिशेनं चालले होते, टिनाच्या शेडकडे. मागच्या वर्षापर्यंत त्या शेडमध्ये फवारणीचे पंप आणि रिकामी पोती असायची. आता तिथं पानीवाले बाबा बसत. बाबा मूळचे कुठले हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी बुऱ्हाणपूर म्हणे, कुणी निजामाबाद. पावसाळा लागला, गावात कावीळ सुरू झाली आणि पाठोपाठ बाबा उगवले, एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं. आणि ते त्यांच्या थोरपणाची खूण म्हणून सांगितलं जात होतं.

शेडच्या मधोमध पांढरं एनॅमलचं घमेलं होतं. घमेल्यासमोर बुटकं स्टूल. आजारी माणूस स्टुलावर बसला की बाबांचा चेला त्याच्यापुढे तपकिरी मातीचं ताट धरी. ती म्हणे पाक मिट्टी. माणसानं त्या मातीवर दोन्ही हात टेकवायचे, हातावर हात चोळायचे. मग बाबा तोटीचा बधना, वुजूचा लोटा, उचलत. डोळे मिटून ओठ हलवत, बधन्यावर दुरूनच फुंकर घातल्यासारखं करत, आणि पाण्याची बारीक धार त्या माणसाच्या हातांवर, कोपरापर्यंत सोडत. वरून पडणारं पाणी काचेसारखं स्वच्छ. घमेल्यात पडलेलं पाणी मात्र हळदीसारखं पिवळंधमक.

दर वेळी गर्दीतून एकच सुस्कारा निघे. सगळ्यांच्या देखत माणसाच्या अंगातून कावीळ निथळत होती. आणखी काय पाहिजे?

"शरीरात तीन नळ्या असतात," बाबा सांगत होते. "एक खून की, एक पानी की, एक हवा की. कावीळ बसते हवेच्या नळीत. डॉक्टरच्या मशीनले ती नळी दिसतच नाही. काहून? मशीन इंग्रजाची, नळी अल्लाची. अन् वुजू म्हनजे काय? नमाजच्या आधी हात-तोंड धुनं. त्यानं मनाची घाण जाते. मनाची जाते, तर तनाची काहून नाही जानार?"

तांड्यावरचा देवसिंग आपल्या थोरल्या भावाला, भीमसिंगला, घेऊन रांगेत उभा होता. तो म्हणाला, "बाबा, माह्या बायकोचा राग उतरते काय पान्यात?"

"त्याले समुद्र लागते, बेटा," बाबा म्हणाले, आणि सगळी शेड हसली.

सबिहा हसली नाही. ती अगदी पुढे, घमेल्याच्या जवळ उभी होती आणि त्या स्टुलाकडे बघत होती. दोन महिन्यांपूर्वी त्या स्टुलावर तिचे अब्बा बसले होते. उद्या सकाळी तिचा भाऊ मुदस्सिर आपल्या बायकोला, निलोफरला, तिथं बसवणार होता. निलोफरला सातवा महिना होता.

शेजारच्या सत्यभामाकाकू सबिहाबरोबर आल्या होत्या. त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "पाह्य व, कशी धो-धो निघून राह्यली. माह्या भाच्याची अशीच निघाली. तीन हप्त्यात पोरगं टनटनीत."

सबिहा अजून स्टुलाकडेच बघत होती. पाण्याचे थेंब उडून तिच्या काळ्या ओढणीवर पडत होते.

*

सबिहाच्या अब्बांचं, सत्तारभाईंचं, मोटर वाइंडिंगचं दुकान पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. ओलिताच्या दिवसांत मोटर जळली की लोक त्यांना जेवणाच्या ताटावरून उठवून नेत, आणि ते उठत. वावरावावरांत फिरून त्यांची जीभ पक्की वऱ्हाडी झाली होती. घरात अम्मी उर्दू बोले, पण दोन्ही पोरं भांडायला लागली की बापाच्या भाषेत भांडत. मुदस्सिर त्यांच्या हाताखाली दुकानात बसला. सबिहा शिकत गेली आणि यवतमाळला एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. अब्बा गिऱ्हाइकांना सांगत, "पोट्टं माहं तांब्याची तार गुंडाळते, पोट्टी पोराह्यची डोस्की."

ऑगस्टमध्ये अब्बांचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, पोटात कळा येऊ लागल्या. मुदस्सिरनं त्यांना बाबांकडे नेलं. सबिहाला फोनवर एवढंच सांगितलं की इलाज सुरू आहे. पहिल्या खेपेला पाणी हळदीसारखं आलं. दुसऱ्या खेपेला त्याहून फिकं. तिसऱ्या खेपेला इतकं फिकं की बाबांनी मुदस्सिरच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, जा, बापाला बिर्याणी खिलव. मधल्या काळात सुई घ्यायची नाही, सुईनं कावीळ आतच अडकते, हेही त्यांनी बजावून ठेवलं होतं.

बिर्याणी झाली. अब्बांनी दोन घास घेतले. थंडी वाजून ताप भरला, ते बरळायला लागले, तेव्हा कुठे त्यांना यवतमाळला आणलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. आधी आले असते तर खडा काढता आला असता, डॉक्टर सबिहाला म्हणाले. आता पू अंगभर पसरलाय. ते हळू आवाजात बोलले होते, आणि मुदस्सिर पलीकडच्या बाकावर बसलेला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मुदस्सिर एकच सांगे: "पानी फिकं झालतं. अब्बा बरे झालते. दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या, अन् गेले."

सुरुवातीला सबिहाला त्याचा राग येई. नंतर एकदा तो हे बोलत असताना तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला आणि तिचा राग गेला. बाबा खरा असला, तर अब्बांना दवाखान्यानं मारलं. बाबा खोटा असला तर... त्या वाक्याचा उरलेला भाग त्या घरात कुणी पुरा करत नव्हतं. तिनंही केला नाही. आणि आता निलोफरचे डोळे पिवळे झाले होते.

*

संध्याकाळी अंगणात बहीणभावाची बोलाचाली झाली. अम्मी ओसरीवर बसून ऐकत होती. तिची इद्दत चालू होती. नवरा गेल्यानंतर चार महिने दहा दिवस बाईनं घरात राहायचं. दवाखान्यात जायचं तर ती सोबत येऊ शकत नव्हती, आणि कुणाची बाजू घ्यावी हेही तिला कळत नव्हतं.

सबिहानं समजावून पाहिलं. पोटुशा बाईला ही कावीळ जिवावर उठते, इतरांसारखं तीन हप्ते वाट बघता येत नाही, उद्या नको, आताच निघू. मुदस्सिर मान हलवत राहिला. बाबांनी सुईला मनाई केली आहे, उद्या सकाळी पहिला नंबर लावलाय, ऑटो सांगितलाय.

"बाबानं तिले अजून पाह्यलं तरी काय?"

"अब्बाले पाह्यलतं. पानी फिकं होताना म्या माह्या डोयानं पाह्यलं." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू नव्हती तिथं."

खाटेवरून निलोफर म्हणाली, "आपा, मले दोघायचंही ऐकू येऊन राह्यलं. पोटातलंही ऐकत असन. बाहेर यायचं का नाई, इचार करत असन ते."

कुणालाच हसू आलं नाही. मगरिबची अजान झाली म्हणून सबिहा उठून नळाशी गेली.

मनगटापर्यंत हात तीनदा धुतले. चूळ भरली, नाकात पाणी घेतलं, तोंड धुतलं. वुजू तिला अब्बांनी शिकवला होता. कोपर कोरडं राहिलं तर ते पुन्हा करायला लावत आणि म्हणत, घाई कोनाची हाय, अल्लाची का तुही? उजवा हात कोपरापर्यंत, मग डावा. ओला हात डोक्यावरून. पाय.

एकदा उमरखेडचं लग्न आटोपून येताना जीप बंद पडली होती. जवळ पाणी नव्हतं आणि नमाजची वेळ चाललेली. अब्बांनी वावराच्या धुऱ्यावरच्या कोरड्या मातीवर हात टेकवले, चेहऱ्यावरून फिरवले, पुन्हा टेकवले, हातांवरून फिरवले. याला तयम्मुम म्हनतात, ते म्हणाले. पानी नसलं तर माती. आजाऱ्याले पानी सोसत नसलं तर माती. अन् पानी आलं का माती संपली.

सबिहाचा पायावर पाणी घेणारा हात थांबला.

पानी आलं का माती संपली. हे तिला माहीत होतं, मुदस्सिरला माहीत होतं, शेडमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला लहानपणापासून माहीत होतं. माती आणि पाणी ही एकमेकांच्या जागी यायची. एकापाठोपाठ एक कुणीच करत नाही. मग बाबांकडे भरला बधना समोर असताना आधी माती कशासाठी? आणि तीही फक्त हातांना? तयम्मुमला चेहराही लागतो. आणि कोपरापर्यंत हात धुऊन संपतो तो वुजू कसला? चूळ नाही, तोंड नाही, पाय नाहीत. रोज पाच वेळा वुजू करणाऱ्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बाबांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल असं समजून मान खाली घातली होती. जे मुसलमान नव्हते त्यांना वाटलं होतं, त्यांच्यात असंच करत असतील.

धर्मात त्या मातीचं काही काम नव्हतं. म्हणजे तिचं काम दुसरंच होतं.

नमाज पढून ओढणीची घडी घालताना तिला काळ्या कापडावर पांढरे ठिपके दिसले. पाणी वाळून गेलं होतं, ठिपके राहिले होते. नखानं खरवडले तर भुकटी निघाली. सबिहाला आपल्या वर्गाचं फळ्याजवळचं कपाट आठवलं आणि त्यातली एक बाटली आठवली.

बाबांनी दम करून, म्हणजे मंतरून, दिलेलं पाणी आणि मिट्टीची पुडी घरातही होती. अब्बांना शेडपर्यंत चालवेना तेव्हा चेल्यानं ती दिली होती. मुदस्सिरनं जपून फळीवर ठेवली होती. सबिहानं ते पाणी थोडं पेल्यात घेतलं, निलोफरसाठी आणलेल्या शहाळ्याची नळी त्यात बुडवली आणि फुंकली. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. चुन्याची निवळी. सातवीच्या पोरांना ती दर वर्षी हेच करून दाखवत असे. म्हणजे बाबा बधन्यावर दुरून ओठ हलवत होते ते बरंच होतं. त्यांनी खरोखर पाण्यात फुंकर मारली असती तर घमेल्याच्या आधीच सगळं उघडं पडलं असतं.

मग तिनं ती माती स्वतःच्या हातांवर चोळली आणि पाणी ओतलं. तिला कावीळ नव्हती. मोरीतून पिवळा ओघळ वाहत गेला.

तिला ओरडावंसं वाटलं नाही. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. अब्बा या पाण्याकडे किती आशेनं बघत असतील, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

*

पुडीत काय आहे याचा अंदाज तिला होता. काविळीच्या भोंदूंविषयी तिनं कधीतरी वाचलं होतं. पण मुदस्सिरला पुस्तकातलं सांगून उपयोग नव्हता. सकाळी ती सत्यभामाकाकूंच्या मागच्या अंगणात गेली. तिथल्या आंब्याची थोडी साल खरवडून कुटली. काकूंच्या पानाच्या डब्यातला चुना आदल्या संध्याकाळीच पाण्यात कालवून ठेवला होता. वरचं पाणी आता नितळ झालं होतं.

"काकू, हात करा पुढं."

सालीची भुकटी, वरून निवळी. काकूंच्या बोटांवरून पिवळं पाणी टपकलं.

"माय व! मले कावीळ झाली काय?"

"तुमाले नाई, काकू. तुमच्या आंब्याले झाली."

काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मंग माहा भाचा बरा कसा झाला व?"

सबिहानं सांगितलं, की घाण पाण्यानं होणारी ही कावीळ बहुतेकांची आपोआप जाते. विश्रांती, उकळलेलं पाणी, हलकं जेवण, तीन-चार हप्ते. भाचा बाबाकडे गेला नसता तरी तेवढ्याच दिवसांत बरा झाला असता. जे आपोआप बरे होतात त्यांचं नाव बाबाला मिळतं. जे होत नाहीत ते परत येऊन सांगायला उरत नाहीत.

"सत्तारभाईसारखे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

दारात ऑटोचा आवाज आला. काकूंचा मुलगा अश्वजितच ऑटो चालवायचा. मुदस्सिर निलोफरला धरून बाहेर आणत होता. सबिहा आडवी गेली आणि म्हणाली, एक मिनिट थांब, तुझे हात दे.

तो चिडला. पण काकूही पुढे आल्या, अम्मीनंही ओसरीवरून हाक मारली, तसे त्यानं हात पुढे केले. सबिहानं फळीवरची पुडी आणि बाटली आणली होती, अब्बांची. बाबांचीच माती, बाबांचंच पाणी. मुदस्सिरच्या धडधाकट, ग्रीसच्या डागांनी काळवंडलेल्या हातांवरून पिवळं पाणी अंगणात पडलं. पाठोपाठ तिनं साल आणि चुना दाखवला. पुन्हा पिवळं. मग पहिल्यापेक्षा कमी भुकटी घेतली, तर फिकं पिवळं, अब्बांच्या तिसऱ्या खेपेसारखं.

मुदस्सिरनं हात मागे घेतले. "मलेही असन कावीळ. समद्या गावाले हाय."

सबिहाला हेच उत्तर अपेक्षित होतं. तिच्याकडे अजून एक प्रश्न होता. तो विचारावा लागू नये असं तिला रात्रभर वाटत होतं.

"भाई," ती म्हणाली, "अब्बाले गुस्ल तू दिलता."

त्यानं मान वर केली.

"मले नाई येऊ देलं आत. बापाले पोरगी न्हाऊ घालत नाई. तू होता. न्हाऊ घालायच्या आधी मयताले वुजू करवतात. त्याह्यचे हात तू धुतले, कोपरापर्यंत. हो का नाई?"

"हो."

"अंग कसं होतं त्याह्यचं?"

"पिवळं," मुदस्सिर म्हणाला. "हळद लावल्यावानी."

"अन् पानी?"

ऑटोचं इंजिन सुरू होतं. अश्वजितनं ते बंद केलं.

"वर पांढरी चादर होती," सबिहा म्हणाली. "पानी तिच्यावरूनच गेलं असन. डाग पडला काय, भाई? पिवळा?"

मुदस्सिरचे ओले हात अजून तसेच पुढे धरलेले होते. तो त्यांच्याकडे बघत होता, पण त्याला ते दिसत नसावेत. त्याला दिसत होता तो मयताला न्हाऊ घालायचा तख्त, बापाचं मनगट, त्या मनगटावरून सरकत गेलेलं पाणी.

"साफ होतं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "समदं पानी साफ होतं व."

कावीळ रक्तात असते, कातड्यावर नसते, ती धुऊन निघत नाही, हे सबिहाला पुढे सांगायचं होतं. तिनं सांगितलं नाही. मुदस्सिर जमिनीवर बसला होता. अम्मी ओसरीवरून उतरली, तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. त्या घरात दोन महिने अर्धवट राहिलेलं वाक्य त्या वेळी पुरं झालं, आणि ते कुणीही बोललं नाही.

तो उठला तेव्हा त्यानं फक्त अश्वजितला सांगितलं, "यवतमाळले घे. जोरात घे."

*

निलोफर वाचली. लेकरू वाचलं नाही. मुलगी होती.

काविळीनं लिव्हर निकामी व्हायला लागलं होतं, रक्त गोठत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मुदस्सिरला समोर बसवून सगळं आधीच सांगितलं होतं. आईला वाचवायचा प्रयत्न करतो, बाळाची खात्री देत नाही. तो मान डोलवत राहिला, आणि जे जे आणायला सांगितलं ते धावत आणत राहिला. लेकीला त्यानंच पांढऱ्या कपड्यात गुंडाळून गावी आणलं आणि अब्बांच्या शेजारी ठेवलं.

पुढच्या शनिवारी तो शेडवर गेला. सोबत सबिहा होती, सत्यभामाकाकू होत्या आणि मशिदीचे हाफिजसाब होते. इतके दिवस हाफिजसाब या प्रकरणावर काही बोलले नव्हते. बाबा आपल्या इलाजाला वुजू म्हणत, त्यामुळे विरोध केला तर लोक काय म्हणतील याची त्यांना भीती वाटली होती. मुदस्सिर त्यांच्याकडे जाऊन बसला आणि त्यानं फक्त धर्माचा एक मसला विचारला: पाणी समोर असताना तयम्मुम होतो काय? हाफिजसाबांनी चप्पल घातली.

गर्दी तितकीच होती. बाबांनी मुदस्सिरला ओळखलं आणि आवाजात मध आणला. "आवो बेटा. सुना मैंने. मी म्हनलं होतं का सुई नको. दवाखान्यात नेलं, बच्चा गया ना?"

सबिहानं भावाकडे पाहिलं. हेच वाक्य तो स्वतः दोन महिने घरोघर सांगत फिरला होता.

"गेलं," मुदस्सिर म्हणाला. "दवाखान्यातही मानसं मरतात, बाबा. पन डॉक्टरीन बाईनं मले जे होतं ते सांगतलं. पानी पिवळं करून नाई दाखवलं."

मग हाफिजसाब पुढे झाले. ते सावकाश बोलले. हा वुजू आहे म्हणता, तर पुरा करा. चूळ भरवा, तोंड धुवा, पाय धुवा. आणि वुजूला माती लागत नाही, ते ताट बाजूला ठेवा. शेडबाहेर हातपंप आहे, त्याचंच पाणी घ्या. अल्लाच्या नावानं कावीळ निघत असेल तर त्या पाण्यानंही निघेल.

बाबांनी हवेची नळी सांगितली, ग्रहण सांगितलं, नापाक नजर सांगितली. देवसिंग पुढच्याच रांगेत होता. तो म्हणाला, "बाबा, नळी राहू द्या. भावाचे हात धुवा ना साध्या पान्यानं. पाहू तर द्या."

बाबा हलेनात, तेव्हा देवसिंगनंच हातपंपाची बादली भरून आणली. भीमसिंगचे डोळे लिंबासारखे पिवळे होते. त्याचे हात त्या पांढऱ्या घमेल्यात कितीतरी वेळ धुतले. पाणी स्वच्छच राहिलं. मग त्याच घमेल्यात मुदस्सिरनं आपले निरोगी हात धरले, सत्यभामाकाकूंनी सालीची भुकटी चोळली, वरून निवळी ओतली. पाणी पिवळं झालं. काकूंनी आजूबाजूला बघून सांगितलं, "हे माह्या घरच्या आंब्याची कावीळ हाय. लोनच्याले चालते काय, पाहा."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि काहीजण रडायला लागले. रडणाऱ्यांकडे बघणं सबिहाला जमलं नाही. त्यांच्या घरीही कुणाचं तरी पाणी फिकं झालेलं असणार होतं. या गडबडीत बाबा शेडच्या मागच्या बाजूनं कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून निघून गेले. चेला सापडला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. मातीचं ताट आणि बधना पोलिसांनी नेला. भीमसिंगला देवसिंग त्याच दुपारी दिग्रसच्या दवाखान्यात घेऊन गेला.

*

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर हाफिजसाबांनी मुदस्सिरला माईक दिला. मशिदीचा भोंगा घरापर्यंत ऐकू येई. अम्मी ओसरीवर होती, निलोफर भिंतीला टेकून बसली होती, सबिहा तिच्या पायांना तेल चोळत होती.

"अस्सलामु अलैकुम," भोंग्यातून आवाज आला. "माहे अब्बा..." आणि आवाज थांबला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. निलोफरनं सबिहाचा हात धरला.

"माह्या अब्बाले म्या बाबाकडं नेलं. खडा होता. निघाला असता. म्या पान्याचा रंग पाहत बसलो." तो वाचून दाखवत नव्हता, अडखळत बोलत होता. "मशिदीत आलेल्याह्यले सांगतो, अन् बाहेर जे ऐकून राह्यले त्याह्यलेही सांगतो. वुजू नमाजसाठी असते. तो इलाज नाई, अन् वुजूनं कधी मी इलाज हाय असं म्हनलंही नाई. डोये पिवळे दिसले का दवाखान्यात जा, रक्त तपासा. बाई पोटुशी असन तर त्याच दिवशी जा. गावच्या टाकीचं पानी उकळून प्या, अन् टाकी साफ करा म्हनून पंचायतीले धरा, मीही येतो. कोनी काही करून दाखवलं तर हेच घरी करून पाहा, का कावीळ नसलेल्याच्या हातावर काय होते. इचारायची लाज धरू नका. मले वाटलं होतं, इचारलं तर इमान जाईन. इमान नाई गेलं. बाप गेला."

पुन्हा खरखर. अम्मीनं डोळे मिटले होते.

"माह्या घरी झालं ते होऊन गेलं," मुदस्सिर म्हणाला. "तुमच्या घरी अजून झालं नाई. होऊ देऊ नका."